क्षण आणि क्रम : स्की शर्यतींच्या छायाचित्रणाची वाटचाल

बर्फाळ उतारावरून स्कींवर, म्हणजे बुटांना जखडलेल्या लांब आणि चिंचोळ्या पट्ट्यांवर, घसरत उतरण्याच्या कौशल्याला शर्यतीचे नियमबद्ध रूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्प्स पर्वताच्या परिसरात मिळाले. अर्नोल्ड लन या इंग्रज क्रीडासंघटकाने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे स्लालम, म्हणजे बर्फात रोवलेल्या खांबांच्या जोड्यांमधून वळणे घेत उतरण्याचा प्रकार, आधुनिक नियमांनुसार भरवला. पुढे वेंगेन येथे १९३० पासून आणि ऑस्ट्रियातील किट्झब्यूहेल येथे १९३१ पासून आजही नावाजलेल्या शर्यती सुरू झाल्या. त्यांच्या छायाचित्रणाचा उगम मात्र वृत्तपत्रांच्या गरजेत नसून अध्यापनाच्या गरजेत आहे, ही बाब या क्षेत्राच्या इतिहासात पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतलेले जर्मन चित्रपटकार आर्नोल्ड फांक यांनी १९२० मध्ये स्कीच्या करामतींवर एक चित्रपट प्रदर्शित केला आणि १९२५ मध्ये सांक्ट आंटोन येथील प्रख्यात प्रशिक्षक हानेस श्नायडर यांच्यासह त्याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथात चलच्चित्राच्या फितीवरील चौकटी ओळीने छापलेल्या होत्या, त्यामुळे गुडघा कधी वाकतो, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर कधी जातो आणि वळण नेमके कोठे सुरू होते, हे वाचकाला टप्प्याटप्प्याने पाहता येत असे. धावत्या घोड्याच्या आणि उडत्या पक्ष्याच्या हालचालींचे असे विश्लेषण मायब्रिज आणि मारे या अभ्यासकांनी छायाचित्रांच्या साहाय्याने एकोणिसाव्या शतकातच केले होते. फांक यांनी ती दृष्टी डोंगरउतारावर नेली.

त्याच १९२५ मध्ये जर्मनीतील लाइट्स कंपनीने लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आणला, आणि त्यात चित्रपटासाठीचीच ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली जात असल्याने एका गुंडाळीवर ३६ छायाचित्रे घेता येऊ लागली. काचेच्या जड तावदानांवर एकेक चित्र घेणाऱ्या छायाचित्रकाराच्या तुलनेत खांद्याला असा कॅमेरा अडकवून उतारावर हिंडणाऱ्याचे स्वातंत्र्य कितीतरी मोठे होते.

तरीही अडचणी संपल्या नाहीत. डाउनहिल, म्हणजे सर्वांत वेगवान आणि सरळ उताराच्या शर्यतीत, स्कीपटू ताशी १३० किलोमीटरचा वेग गाठतो, तेव्हा सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तो सुमारे १४ सेंटिमीटर आणि हजाराव्या भागातही साडेतीन सेंटिमीटरहून अधिक पुढे सरकलेला असतो. म्हणून शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, अत्यंत वेगाने उघडून मिटावा लागतो किंवा कॅमेरा स्कीपटूच्या गतीने फिरवत न्यावा लागतो. दुसरी अडचण बर्फाचीच आहे. प्रकाशमापक यंत्र समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते, त्यामुळे यंत्रावर विसंबणाऱ्याच्या छायाचित्रात शुभ्र उतार मळकट उमटतो आणि स्पर्धकाचा चेहरा काळवंडतो. यावर उपाय म्हणून मापकाने सांगितल्यापेक्षा साधारणतः दुप्पट ते चौपट प्रकाश आत घ्यावा लागतो. फोकस, म्हणजे प्रतिमेची सुस्पष्टता, साधण्यासाठी आधीच एखादा खांब निवडून त्यावर भिंग स्थिर करून ठेवण्याचा रिवाज होता. या पद्धतीत चांगले चित्र मिळणे हे कॅमेऱ्यापेक्षा उताराच्या जाणकारीवर अवलंबून असे. मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने १९८५ मध्ये स्वयंचलित फोकस सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवला, आणि पुढच्या काळात धावत्या लक्ष्याचा माग काढणाऱ्या प्रणाली आल्यावर ही जाणकारी काहीशी स्वस्त झाली, असे म्हणावे लागते.

एकट्या क्षणाची कीर्ती याच काळात वाढली. नागानो ऑलिंपिकच्या डाउनहिल शर्यतीत, १३ फेब्रुवारी १९९८ रोजी, ऑस्ट्रियाचा हेर्मान मायर हवेत फेकला गेला, तो क्षण छायाचित्रकार कार्ल यारब्रो यांनी टिपला आणि ते छायाचित्र जगभर गाजले. मायरने त्यानंतर त्याच ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवल्याने त्या छायाचित्राचे मोल आणखी वाढले. परंतु तोल कोठे आणि कसा गेला, हे सांगण्याची ताकद एकट्या चित्रात नसते.

ती ताकद क्रमाच्या परंपरेने जपली. अमेरिकी छायाचित्रकार आणि लेखक रॉन लमास्टर यांनी एका वळणाच्या लागोपाठच्या अनेक चौकटी खांबांच्या खुणांवरून अचूक जागी जोडून एकाच चित्रात संपूर्ण वळण मांडले, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अल्टिमेट स्कीइंग’ या ग्रंथाचे विवेचन अशा मालिकांच्या आधारे केले. मुखपृष्ठे एकेकट्या क्षणाने गाजवली असली, तरी स्कीपटूंना वळण शिकवण्याच्या कामी फांक यांच्यापासून चालत आलेल्या या क्रमचित्रांचेच योगदान मोठे ठरते.