रुमालातले टाके

गेल्या हिवाळ्यात माझी भाची तान्ह्या मुलाला घेऊन पुण्यास एका परिषदेला निघाली. जुनी कागदपत्रे सांभाळणे हे तिचे नोकरीचे काम, आणि परिषद त्याच कामातील मंडळींची होती. बाळाजवळ कोणी तरी हवे म्हणून मी डहाणूहून सोबत गेले. भाषणे आपल्याला कळणार नाहीत हे ठाऊक असल्याने पिशवीत लोकर व सुया टाकल्या होत्या.

मागच्या रांगेत बाळ झोपी गेले आणि मी विणू लागले. थोड्या वेळाने शेजारच्या बाईंनी हळूच आपल्या पिशवीतून अर्धा पायमोजा काढला! त्या नागपूरकडच्या, जीर्ण कागद दुरुस्त करणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत आणखी दोघी आल्या. कोणी कोणाचे नावगाव विचारण्याआधी "टाच कशी वळवता हो?" हाच प्रश्न झाला.

कागदांत रमणाऱ्या बायकांना विणकामाची गोडी कशी, असे मी विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, आमचे काम दोऱ्याकापडाचेच." पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्याला रुमालच म्हणतात. अशा रुमालांतले कागद निवडून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत ४५ भाग छापून काढले. विरलेल्या कागदाला तलम शिफॉन चिकटवितात, वहीची शिवण उसवून नवी घालतात. दक्षिण अमेरिकेतील इंका लोक तर दोऱ्यांना गाठी मारूनच राज्याचा हिशेब ठेवीत. गाठ दोरीवर कोठे आहे त्यावरून एकं, दहं, शतक कळे. त्या दोऱ्यांना क्विपू म्हणत. मला हे लगेच पटले. टाके मोजता मोजता आपणही दुसरे काय करतो?

मग त्यांनी माझ्या हातातला नमुना पाहिला. तो आमच्या आजेसासूबाईंचा. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा हिमालयातील जवानांना पुरेसे गरम कपडे नव्हते, आणि देशभर बायकांनी मोजे, कानटोप्या, स्वेटर विणले. डहाणूच्या दमट हवेत लोकर अंगाला टोचते, तरी आपल्या मंडळातही सुया चालल्या. आजेसासूबाईंनी एका वहीत दोन सुलट, दोन उलट असे सारे लिहून ठेवले आहे. "ती वही कोठे आहे?" तिघींनी एकदम विचारले. मी म्हटले, माळ्यावर असेल. त्यांचे चेहरे असे झाले की मला माझीच लाज वाटली.

घरी येताच वही काढली. नंतर मंडळाची जुनी ट्रंक उघडली. तळाच्या दोन वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. वाचली त्या वहीत लोकर कोणाला किती लड्या दिली व काय विणून आले, याची नोंद आहे. नावे बहुतेक पतीच्या नावाने, सौ. अमुक तमुक. मात्र एका ओळीत "१ जोड पायमोजे, तलासरीकडील बाई" असे लिहिले असून पुढे नुसता अंगठा आहे. नाव नाही. लिहिणारी आपल्याच मंडळाची कोणी तरी. अंगठा घेण्याइतकी ती बाई जवळ उभी होती, तिला नाव विचारावयास कितीसा वेळ लागला असता?

हे मनाला लागले, कारण तलासरी म्हणजे काही मुक्या माणसांचा मुलूख नव्हे. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करावयाची नाही असे त्यांनी ठरविले. तेव्हा झरी उंबरगाव तालुक्यात होते, आता तलासरीत आहे. गोदावरीबाई परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले म्हणून आपल्याला त्यातले पुष्कळ कळते. पुस्तक १९७० चे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पण मोजे विणणारीवर पुस्तक कोण लिहिणार?

मी तलासरीला दोन वेळा जाऊन आले. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बायांना वही दाखविली. एक आजी अंगठ्यावरून बोट फिरवीत म्हणाल्या, "डहाणूला कामाला जाणाऱ्या खूप होत्या, बाय. यातली कोण ते कसं सांगू?" त्यांनी चारपाच नावे मात्र सांगितली. ती मी त्याच दिवशी तारखेसह वेगळ्या कागदावर लिहिली, वहीवर काही खरडले नाही.

दोन्ही वह्या आता धुतलेल्या सुती कापडात, सुती नाडीने बांधून माझ्या कपाटात आहेत. प्लास्टिकची पिशवी नको व फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, असे नागपूरच्या बाईंनी बजावले आहे. भगिनींनो, ज्यांच्या घरी मंडळाचे जुने कागद, फोटो वा विणकामाच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. मजकडे किंवा चिटणीस बाईंकडे द्याव्यात. आणि तलासरीकडच्या कोणाच्या आजीने १९६२ साली डहाणूत पायमोजे विणल्याचे ऐकले असेल, तर तिचे नाव मला अवश्य कळवावे.