एम

कळवणच्या बाजारपेठेत सप्तशृंगगडाच्या चैत्रोत्सवाचे पत्रक संगणकावर जुळवताना मथळ्यापुढील मोकळी जागा ज्या 'एम'मध्ये मोजता येते, ते माप शिशाच्या खिळ्यांच्या अमदानीतले असून रोमन लिपीतील त्याच नावाच्या रुंद अक्षरावरून त्यास हे अभिधान प्राप्त झाले. १२ पॉइंटांच्या टाइपात एक एम म्हणजे १२ पॉइंट, २४ पॉइंटांच्या टाइपात २४. अर्थात इंचासारखे ते अचल नसून अक्षराच्या आकारासवे वाढते-घटते, आणि हाच त्याचा थोर गुण होय, असे माझे ठाम मत आहे. एसव्हीजी रेखाचित्रात वर्तुळाची त्रिज्या २ एम लिहावी आणि अक्षराचा आकार दुप्पट करावा, की वर्तुळही आपसूक दुप्पट होते; पॉइंट आणि पिक्सेल मात्र इंचाला अनुक्रमे ७२ आणि ९६ या हिशेबाने जखडलेले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्या परंपरेतील देवनागरी खिळ्यांत हे अक्षर नव्हते, तरी मराठी जुळाऱ्यांच्या तोंडी त्याचे माप रुळले. खुद्द रोमन टाइपांतही आज ते अक्षर बहुधा एक एमहून अरुंदच असते.