गर्भ राखणारा टांका

अपत्यहानीचें दुःख सर्वत्र सारखेंच. परंतु जन्मालाच न आलेल्या अपत्याच्या दुःखाला समाजानें शोकाचा मान फारसा दिलेला नाहीं. चौथा-पांचवा महिना उलटावा, घरांत डोहाळजेवणाचे बेत सुरू व्हावे, आणि एके दिवशीं कळांची पुरती सूचनाही न मिळतां सर्व आटोपावें. पुढल्या खेपेस पुनः तेंच, त्यापुढल्या खेपेसही तेंच. असे प्रसंग प्रत्येक पिढींत कांहीं स्त्रियांच्या वांट्यास आले आहेत. त्याचा जाब मात्र बहुधा त्यांनाच विचारला गेला. जड उचललें असेल, दृष्ट लागली असेल, पूर्वजन्मींचें पाप आडवें आलें असेल! कारणें अनेक, पण सर्वांचा रोख एकाच व्यक्तीकडे. हा रोख स्त्रीच्या दैवावरून तिच्या शरीरांतील एका बोटाएवढ्याही नसलेल्या भागाच्या रचनेकडे कसा वळला, त्याचा इतिहास बोधप्रद आहे. आणि त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण मुंबईंत, एका गोमंतकीय शस्त्रवैद्याच्या हातून लिहिलें गेलें आहे.

आपलें प्राचीन वैद्यक ह्या विषयीं मुकें नव्हतें. सुश्रुतसंहितेंत गर्भहानीचे दोन भेद सांगितले आहेत. चौथ्या महिन्यापर्यंत होते तो गर्भस्राव. पांचव्या-सहाव्या महिन्यांत, गर्भाचें शरीर घट्ट झाल्यानंतर होतो तो गर्भपात. आजच्या शास्त्रालाही असा भेद करावाच लागतो. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भहानीपैकीं निम्म्याच्या आसपास प्रसंगीं गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तेथें आईच्या चालण्याबोलण्याचा कांहीं संबंध नसतो. मधल्या तीन महिन्यांत मात्र गर्भ निरोगी असूनही त्याचें घरच त्याला धरून ठेवीत नाहीं, असें अधिक वेळां आढळतें. त्याच संहितेंत, राहिलेला गर्भ ज्या विकारांत वारंवार रक्तस्रावानें नष्ट होतो, त्यास ‘पुत्रघ्नी’ असें नांव आहे. वैद्याच्या दृष्टीनें तें रोगाचें नांव. शब्दाचा अर्थ मात्र पुत्राला मारणारी असा होतो. रोगाला दिलेलें विशेषण रोगिणीला चिकटावयास वेळ लागत नाहीं.

ह्या प्राचीन ज्ञानाचा आधुनिक वैद्यकाशीं परिचय करून देणाऱ्यांत एका महाराष्ट्रीय स्त्रीचें नांव आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाला जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांचें होऊन गेल्याचें दुःख त्यांनीं स्वतः सोसलें होतें. त्याच सालीं मुंबईंत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा रुग्णालय सुरू झालें. स्त्रियांना स्त्री-डॉक्टरपाशीं मोकळेपणीं बोलतां येऊं लागलें, ही गोष्ट दिसते तितकी लहान नाहीं. गर्भ कोणत्या महिन्यांत गेला, आधीं कळा आल्या कीं आधीं पाणी गेलें, हें रोगिणीनें सांगितल्यावांचून वैद्याला कारणाचा माग लागत नाहीं.

कारणें समजण्यास प्रथम गर्भाशयाची घडण समजली पाहिजे. मुलीचा गर्भ आईच्या उदरांत वाढत असतांना त्याच्या अंगांत दोन बारीक नलिका असतात. जर्मन शास्त्रज्ञ योहान्स म्यूलर यांचें नांव त्यांना मिळालें आहे. ह्या नलिका खालच्या बाजूस एकमेकींस जुळतात, मधला पडदा विरून जातो, आणि एक पोकळ पिशवी तयार होते. जुळणी अपुरी राहिली तर पिशवीला दोन शिंगें राहतात. पडदा विरला नाहीं तर आंत दोन कप्पे राहतात. एकच नलिका वाढली तर पिशवी अर्धीच होते. अशा पिशवींत गर्भ वाढत नाहीं असें मुळींच नव्हे. कित्येक स्त्रियांना आपल्या पिशवीची घडण निराळी आहे हें कळतही नाहीं, आणि मुलें सुखरूप होतात. तथापि पडद्याच्या पिशवींत गर्भपाताचा, आणि दोन शिंगांच्या पिशवींत अकाली प्रसूतीचा व मूल पायाळू येण्याचा धोका अधिक असतो, हेंही खरें.

ह्याहून निराळा आणखी एक दोष आहे. पिशवी सुरेख, गर्भ निरोगी. परंतु पिशवीचें तोंड दुबळें. गर्भाशयाची ग्रीवा नऊ महिने घट्ट मिटून राहावयाची, ती गर्भाचा भार वाढूं लागतांच हळूहळू उघडते, आणि तेंही पुष्कळदां वेदनेवांचून. पॅरिस येथें पामेर व लाकोम यांनीं १९४८ सालीं, आणि अमेरिकेंत लॅश यांनीं १९५० सालीं ह्या दोषावर शस्त्रक्रिया सांगितल्या. परंतु त्या गर्भ नसतांना करावयाच्या होत्या. गर्भ पोटांत असतांनाच त्या तोंडाला बंध घालण्याचें धाडस मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं केलें.

शिरोडकरांचा जन्म १८९९ सालीं गोव्यांतील शिरोडा येथें झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें; १९३१ सालीं ते इंग्लंडांत एफ.आर.सी.एस. झाले, आणि पुढें आपल्याच महाविद्यालयांत प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. चौथ्या व सातव्या महिन्यांच्या दरम्यान ज्यांचा गर्भ पुनः पुनः जातो, अशा कांहीं स्त्रियांना विश्रांतीचा किंवा संप्रेरकांच्या औषधांचा उपयोग होत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं अशा स्त्रियांची गरोदरपणींच वारंवार तपासणी केली, आणि ग्रीवेचें आंतील तोंड दुबळें असल्याचा निष्कर्ष काढला. १९५५ सालीं मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकांत त्यांनीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. त्यांनीं निवडलेल्या स्त्रियांपैकीं प्रत्येकीचे निदान चार गर्भपात झालेले होते. कित्येकींचे नऊ ते अकरा. ह्या आंकड्यामागें किती वर्षांची आशा व किती वेळांची निराशा उभी असेल, हें निराळें सांगावयास नको.

पद्धति अशी होती. रोगिणीच्याच मांडींतील चिवट पडद्याची एक लांब पट्टी काढावयाची. योनिमार्गानें छेद घेऊन मूत्राशय हलकेंच वर सारावयाचें. आणि ती पट्टी त्वचेखालून ग्रीवेच्या आंतील तोंडाभोंवतीं फिरवून बांधावयाची. थैलीचें तोंड नाडीनें आंवळावें, तसाच हा प्रकार. पुढें मांडींतील पट्टीऐवजीं कृत्रिम धाग्याची फीत आली. दिवस भरत आले म्हणजे, साधारण सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास, बंध सोडतात. मेलबर्नच्या इयन मॅक्डोनल्ड यांनीं १९५७ सालीं ह्याहून सोपा टांका सांगितला. आज दोन्ही नांवें जगभरच्या प्रसूतिगृहांत उच्चारलीं जातात. भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयापासून जोगेश्वरीकडील उपनगरांपर्यंत ‘पिशवीला टांका घातला’ हे शब्द बायकांच्या बोलण्यांत सहज येतात. त्या शब्दांमागील माणूस मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो.

शिरोडकरांनीं औषधांविषयीं जी शंका घेतली होती, ती किती सार्थ होती हें एका परदेशी उदाहरणावरून दिसतें. लंडनच्या डॉड्स यांनीं १९३८ सालीं स्टिलबेस्ट्रॉल नांवाचें कृत्रिम संप्रेरक तयार केलें. त्यानें गर्भपात टळतो असें बॉस्टन येथें प्रतिपादिलें गेलें, आणि असंख्य गर्भवतींना तें देण्यांत आलें. १९५३ सालीं शिकागो येथें काळजीपूर्वक केलेल्या तुलनेंत त्याचा कांहींच उपयोग दिसला नाहीं. तरीही तें दिलें जात राहिलें. १९७१ सालीं, ज्या मुली त्या वेळीं आईच्या पोटांत होत्या त्यांच्यांतील कांहींना तरुणपणींच दुर्मिळ कर्करोग झाल्याचें उघडकीस आलें. पुढें असेंही आढळलें कीं, अशा मुलींपैकीं अनेकींची पिशवी इंग्रजी टी अक्षरासारखी अरुंद होती, आणि त्यांच्यांत गर्भपात व अकाली प्रसूति अधिक होत होत्या. आईचा गर्भ राखण्यासाठीं दिलेल्या औषधानें मुलीची पिशवी बिघडविली! ही गोष्ट कोणत्याही नव्या उपायाच्या उत्साहाला लगाम घालण्यास पुरेशी आहे.

तोच लगाम टांक्यालाही लागू आहे. १९९३ सालीं ब्रिटनमधून एका मोठ्या चाचणीचा अंतिम अहवाल आला. १२९२ गर्भवतींचे दोन गट केले होते. टांका घातलेल्यांपैकीं शेंकडा १३ स्त्रिया तेहतिसाव्या आठवड्यापूर्वीं प्रसूत झाल्या, न घातलेल्यांपैकीं शेंकडा १७. म्हणजे सुमारें पंचवीस स्त्रियांमागें एकीचा लाभ. हा लाभ विशेषेंकरून ज्यांच्या तीन किंवा अधिक खेपा अवेळीं संपल्या होत्या त्यांच्यांत दिसला. म्हणून आज सरसकट टांका घालीत नाहींत. पूर्वींचा इतिहास पाहतात, ध्वनिलहरींच्या यंत्रानें ग्रीवेची लांबी मोजतात, आणि ती २५ मिलिमीटरांहून कमी भरली तर पुढील विचार करतात. पिशवींतील पडदा कापून काढण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षें विश्वासानें केली जात होती. परंतु २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, सुमारें ८० स्त्रियांवरील एका चाचणींत तिच्यामुळें जिवंत अपत्यांचें प्रमाण वाढल्याचें दिसलें नाहीं. चाचणी लहान आहे, तिनें वाद मिटत नाहीं. पण धीर धरून विचारपूस करावी, एवढें ती निश्चित शिकविते.

शिरोडकर १९७१ सालीं निवर्तले. त्याच सालीं त्यांना पद्मविभूषण हा बहुमान मिळाला होता. त्यांचा टांका प्रत्येक गर्भ राखूं शकत नाहीं, आणि राखील असें म्हणणेंही योग्य नव्हे. परंतु नऊ वेळां, अकरा वेळां रिकाम्या हातांनीं घरीं परतलेल्या स्त्रीकडे पाहून त्यांनीं तिच्या पायगुणाची चौकशी केली नाहीं. गर्भ कोठून निसटतो, एवढेंच तपासलें. ज्या घरांत हा प्रसंग पुनः पुनः येतो, तेथील वडीलधाऱ्यांनींही हीच रीत उचलावी. सुनेला विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत: कोणता महिना होता, काय झालें, आणि डॉक्टरकडे सोबत कोण येणार? बाकीचे प्रश्न विचारण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं.