अमीर अब्दुल कादिर : सूडाच्या वेळी पाळलेला नियम

गेल्या जुम्म्याला नमाज आटोपून बाहेर पडलो तेव्हा मोहल्ल्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने मला थांबवले. त्याच्या मोबाइलवर ढिगाऱ्याखालून काढलेल्या लेकरांची दृश्ये होती. त्याने विचारले, "चाचा, समोरचा कुठलाच नियम पाळत नसेल तर आपणच का पाळायचा?" त्याचा राग खोटा नव्हता. मशिदीच्या पायरीवर उभ्या उभ्या मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर आठवले.

१८३० साली फ्रान्सने अल्जीयर्स जिंकले. दोन वर्षांनी मस्कारा भागातल्या जमातींनी चोवीस वर्षांच्या अब्दुल कादिर यांच्या हाती बैअत केली. सूफी घराण्यातला हा तरुण पुढची पंधरा वर्षे फ्रान्सशी लढला. त्या युद्धात शत्रूची मुंडकी कापून आणण्याची रीत होती. अमीरांनी ती मोडायचे ठरवले. बक्षीस जिवंत कैद्यावर ठेवले आणि कैद्याला छळणाऱ्याला शिक्षा. अल्जीयर्सचे बिशप द्युपुश यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांनी कैद्यांची अदलाबदल केली. कैद्यांना पुरेसे खायला घालता येईना, तेव्हा काहींना मोबदला न घेता सोडून दिले. जखमी सैनिकांसाठीचा पहिला जिनिव्हा करार १८६४चा, नागरिकांसाठीचा तर १९४९चा.

अमीरांनी हा विचार कुठून उसना आणला नव्हता. स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, मठातल्या साधूंना त्रास देऊ नका, अशी ताकीद पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी फौजेला दिल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो. अवघड भाग असतो तो पाळण्याचा.

समोरची बाजू काय करत होती? जून १८४५ मध्ये दाहरा डोंगरात औलाद रियाह जमातीच्या लोकांनी गुहांमध्ये आसरा घेतला. कर्नल पेलिसिये याने गुहांच्या तोंडाशी आग पेटवली. शेकडो बायका, मुले, पुरुष धुराने गुदमरून मेले. हाच पेलिसिये पुढे फ्रान्सचा मार्शल झाला.

इथे एक कडू गोष्ट लपवता कामा नये. १८४६ च्या एप्रिलमध्ये अमीरांच्याच छावणीत फ्रेंच कैद्यांची कत्तल झाली. अमीर तेव्हा दूर होते. जबाबदारी कोणाची यावर आजही वाद आहे. पण एवढे कळते की, नियम करणारा जागेवर नसला, पोटाला अन्न नसले आणि मनात सूड असला, की उत्तम नियमही कोलमडतो. आपल्या माणसांचा इतिहास सांगताना हे पान आपण फाडू नये.

डिसेंबर १८४७ मध्ये अमीर शरण आले. पूर्वेकडच्या मुस्लिम मुलखात जाऊ देऊ, हे वचन फ्रान्सने मोडले आणि त्यांना जवळपास पाच वर्षे कैदेत ठेवले. अंबुआजच्या किल्ल्यात त्यांची अनेक माणसे दगावली. सुटकेनंतर ते शेवटी दमास्कसला स्थायिक झाले.

जुलै १८६० मध्ये त्याच शहरात दंगल उसळली आणि ख्रिस्ती वस्तीची कत्तल सुरू झाली. आता अमीरांकडे राज्य नव्हते, फौज नव्हती. होते ते सोबत आलेले अल्जीरियन साथीदार. त्यांना घेऊन अमीर गल्लीबोळांतून माणसे गोळा करत फिरले. घर भरले तेव्हा लोकांना किल्ल्यात पोहोचवले. जिवंत ख्रिस्ती माणूस आणून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. अल्जीरियातलाच नियम, पण या वेळी ते स्वतः दारात होते. जमाव दाराशी आला तेव्हा त्यांनी एकालाही त्याच्या हवाली केले नाही. हजारो जीव वाचले. फ्रान्सच्या वकिलातीतली माणसेही त्यांच्याच छपराखाली होती.

दाहराच्या गुहा आणि अंबुआजच्या कबरी अमीर विसरले असतील, असे मला वाटत नाही. पण गुहा पेटवणारे एक होते आणि दमास्कसच्या गल्लीत जीव मुठीत धरून पळणारे दुसरे. रागातही त्यांनी हा फरक सोडला नाही.

येत्या जुम्म्याला तो मुलगा भेटेल. त्याला एवढेच सांगणार आहे : बेटा, नियम समोरच्यासाठी पाळायचा नसतो. त्याच्यासारखे होऊ नये म्हणून पाळायचा असतो. आणि तो नुसता सांगून भागत नाही, वेळ आली की दारात उभे राहावे लागते.