‘बदअमल’ ते ‘प्रकरण’ : अल्पजीवी प्रेमाची दफ्तरी भाषा

१/ मालेगावात मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात. थोड्या दिवसांच्या प्रेमसंबंधाला उर्दूभाषक ‘चक्कर’ किंवा ‘आशनाई’ म्हणतात. मराठीत त्याचे ‘लफडे’, ‘भानगड’ वा ‘प्रकरण’ होते. ‘आशनाई’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ओळख, परिचय. मराठी शब्दांत मात्र गुंता आहे, तंटा आहे आणि कागद आहे. हा कागद आला कुठून?

२/ मोसम नदीकाठचा मालेगावचा भुईकोट नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० च्या सुमारास उभारला. त्या काळच्या मराठी कागदपत्रांत विवाहबाह्य संबंधांना ‘बदअमल’ आणि ‘शिंदळकी’ म्हटलेले आढळते.

३/ ‘बद’ म्हणजे वाईट, ‘अमल’ म्हणजे कृती. हे गुन्ह्याचे सरकारी नाव होते. ‘शिंदळकी’चा रोख तर मुख्यतः स्त्रीवर. ‘शिंदळीच्या’ ही शिवी आजही पुरुषाला दिली जाते, पण डाग लागतो तो त्याच्या आईला.

४/ शिक्षेतही हाच भेद दिसतो. पुरुष अनेकदा दंड भरून सुटे. दोषी ठरलेल्या स्त्रीला किल्ल्यावर कैदेत ठेवले जाई किंवा ‘कुणबीण’ करून सरकारी कोठीत राबवले जाई. कुणबीण म्हणजे येथे दासी; तिची खरेदी-विक्रीही होत असे.

५/ विशेष म्हणजे, उत्तर पेशवाईतच होनाजी बाळा, सगनभाऊ, रामजोशी यांच्या शृंगारिक लावण्या रंगत होत्या. फडावर ज्या प्रीतीला दाद मिळे, तीच घरच्या स्त्रीने केली की चौकशी सुरू होई.

६/ जून १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला. पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ ने व्यभिचारासाठी फक्त पुरुषाला शिक्षा सांगितली. ही स्त्रीला दिलेली सवलत वाटते. पण पतीची संमती असेल तर गुन्हाच घडत नसे. अर्थात स्त्री ही पतीची मालमत्ता, हे गृहीतक कायम राहिले. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले.

७/ कलम गेले, शब्द उरला. ‘प्रकरण’ म्हणजे ग्रंथाचा भाग, तसेच कचेरीत चौकशीसाठी उघडलेली बाब. तरुणाचे ‘लफडे’ वयाचा दोष म्हणून विसरले जाते. तरुणीचे ‘प्रकरण’ लग्नाच्या बोलणीपर्यंत तिच्यामागे येते. पेशव्यांचे कारकून गेले, तरी तिच्या नावाची नोंद अजून कोणीतरी ठेवतेच आहे.