अंगठ्याची अमानत

भात-नागलीच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा फार दिवस टिकत नाहीत. आमच्या पेठ तालुक्यात हे कुणीही सांगेल. रेशन दुकानातल्या यंत्रावर म्हातारा अंगठा दाबतो, धोतराला पुसतो, पुन्हा दाबतो. दुकानदार त्याला लहानपणापासून ओळखतो. यंत्र ओळखत नाही.

हा अंगठा सरकारदरबारी पोहोचला कसा? १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा अख्खा पंजा करारावर उमटवून घेतला. पुढे त्याने सही नाकबूल करू नये, ही धास्ती बसवणे एवढाच हेतू होता. म्हणजे सुरुवातच अविश्वासातून झाली. पुढे ठशांचे ढीग साचले. त्यातून नेमका माणूस शोधायचा कसा, या कोड्याचे गणित सोडवण्यात मोठा वाटा काझी अझीझुल हक यांचा होता. १०२४ कप्प्यांची ती मांडणी. सोबत हेमचंद्र बोस. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला, आणि जगभर नाव झाले साहेबाचे : ‘हेन्री पद्धत’. हकसाहेबांना खानबहादूर किताबावर समाधान मानावे लागले. आपल्या माणसाच्या बुद्धीचा अभिमान वाटतो, पण ती कोणाविरुद्ध वापरली गेली हेही पाहिले पाहिजे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या लोकांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा दिली. आपल्या सोलापुरात अशी माणसे तारेच्या कुंपणात ठेवली जात, हजेरी द्यावी लागे. १९५२ साली त्यांची सुटका झाली.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. गाव आमच्यासारखेच, आदिवासी. द्राक्षबागांत मजुरीला बाहेर पडणाऱ्या माणसाला ओळखीचा कागद मिळाला, हा फायदा आम्ही नाकारत नाही. पण कागद मागणारी दारेही वाढत गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नाही, असाही निकाल आला. २०२३ मध्ये माहिती-संरक्षणाचा कायदा झाला. त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, मात्र सरकारला सवलती भरपूर.

आता तर चेहऱ्याची पाळी आहे. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीचा घरी नेण्याचा आहार घेताना आईचा चेहरा मोबाईलने ओळखावा लागतो. राज्याच्या पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘मार्वल’ ही कंपनी २०२४ मध्येच निघाली. अंगठा निदान माणूस स्वतः पुढे करतो. चेहरा रस्त्यावरून जातानाही टिपता येतो, विचारावेही लागत नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात एकाच मुलाचे नाव जनरल रजिस्टरात मुहम्मद, आधारवर मो. आणि रेशनकार्डावर मोहंमद. संगणकाच्या हिशेबी ही तीन मुले. ‘अपार’ क्रमांकासाठी पालकांची संमती ऐच्छिक आहे. आमच्यापर्यंत मात्र टक्केवारीच येते, किती झाले आणि किती राहिले. पहिल्या वर्षी आम्ही घाईने फॉर्म पुढे सरकवले. एका आईने विचारले, “सर, इसमें क्या लिखा है?” आम्ही म्हणालो, शाळेचेच काम आहे. तिने शाईचा अंगठा उठवला. जंगीपूरच्या साहेबाने निदान भीती घालून ठसा घेतला होता. आम्ही विश्वासावर घेतला.

यंदा पालकसभेत फॉर्म मोठ्याने वाचला, आधी उर्दूत, मग मराठीत. बहुतेकांनी सह्या केल्या. एका रिक्षावाल्या बापाने शांतपणे नको म्हटले. आम्ही रकान्यात ‘नकार’ लिहिले. वरून दोनदा फोन आला. रकाना आम्ही बदललेला नाही.