मिसिसिपीत तणनाशक आलं कुठून?

नदी कुणी घाण केली हे शोधायची सोपी पद्धत म्हणजे काठाने वर चालत जायचं आणि पाण्यात सोडलेला पाइप सापडला की थांबायचं. अमेरिकेच्या १९७२ च्या जलशुद्धी कायद्याचा मुख्य भर याच पद्धतीवर होता. पाइप सापडला की परवाना, मर्यादा, दंड. त्याने बऱ्याच नद्या सुधारल्याही.

ॲट्राझीनच्या बाबतीत मात्र पाइपच नव्हता.

ॲट्राझीन हे मक्यातलं तणनाशक. स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने ते १९५० च्या दशकात शोधलं. मका ते पचवतो, तण मरतं. १९८७ ते १९९२ या काळात अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या लोकांनी बोटीने फिरून मिसिसिपीच्या पाण्याचे नमुने घेतले. ॲट्राझीन थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोचलेलं होतं, आणि ते शहर हेच पाणी पितं.

आता माग कसा काढायचा? खोरं जवळजवळ भारताएवढं!

मला आवडलं ते यापुढचं डोकं. पहिला धागा वेळेचा. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसांत, मे-जूनमध्ये, प्रमाण एकदम चढायचं. दुसरा धागा रसायनातच होता. ॲट्राझीन मातीत पडून राहिलं की जिवाणू त्याचा एक तुकडा तोडतात. पाण्यात तुटलेला भाग जास्त असेल तर ते जमिनीतून मुरत सावकाश आलंय, कमी असेल तर नुकतंच शेतावरून वाहून आलंय. म्हणजे विष स्वतःचं घड्याळ बरोबर घेऊन फिरतं! मग एकेका उपनदीचं पाणी तपासलं, आणि बोट आयोवा-इलिनॉयच्या मक्याच्या पट्ट्याकडे गेलं.

गुन्हेगार सापडला म्हणावं, तर तो होता कोण? मारलेल्या औषधातलं शेकडा तीनपेक्षाही कमी नदीत पोचत होतं. एकेका शेतकऱ्याच्या दृष्टीने ते नगण्यच. शिवाय शेतावरून वाहणारं पावसाचं पाणी १९८७ च्या दुरुस्तीने 'पाइप'च्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम, पण तीही वर्षाच्या सरासरीवर. जूनचा चढ हिवाळ्यात बुडून जातो.

बिल मात्र आलं, गावांच्या पाणीपुरवठ्याला. कोळशाचे फिल्टर त्यांनी बसवायचे. इलिनॉयमध्ये २००४ साली खटला सुरू झाला, आणि २०१२ मध्ये सिंजेंटा कंपनीने दोष मान्य न करता हजारावर पाणीयोजनांसाठी साडेदहा कोटी डॉलर दिले. युरोपीय संघाने २००४ मध्ये ॲट्राझीनला परवानगी नाकारली. अमेरिकेत ते आजही वापरात आहे.

शास्त्राने आपलं काम चोख केलं, असं मला वाटतं. नदीत काय आहे, कुठून आलं, कधी आलं, सगळं सांगितलं. पण कायद्याला एक नाव हवं होतं आणि उत्तरात लाखो नावं निघाली. लाखो जणांनी थोडं थोडं केलेलं नुकसान कुणाच्याच खात्यावर चढत नाही.

ॲट्राझीन आपल्याकडे उसातही मारतात. असो.